डब्यावर ‘१२ तास गरम’ लिहिलंय, मग सूप दुपारी कोमट का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंची आई परळच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल आहे, ताई डोंबिवलीला राहतात. सकाळी साडेसहाला भाज्यांचं सूप करून त्या ते स्टीलच्या अर्धा लिटरच्या व्हॅक्यूम डब्यात भरतात, सव्वानऊला घर सोडतात आणि आईला साडेबाराला भरवतात. तोवर सूप कोमट झालेलं असतं. खोक्यावर ‘१२ तास गरम’ छापलं आहे. डबा बोगस निघाला का, की याहून मोठा आणि महागाचा घ्यावा, असं त्या विचारताहेत.

मी लालबागला पथ्याचे डबे करून देते. बरेचसे परळच्या हॉस्पिटलांमध्येच जातात, त्यामुळे कढण, पेज, अळणी, सूप हे पदार्थ गरम पोचवणं हा माझा रोजचाच उद्योग. ताई, तुमचा डबा न बघता तो चांगला की वाईट हे मी सांगणार नाही, पण तपासायचं कसं ते खाली लिहिते. त्याआधी तुम्हीच प्रश्नात ओघाने लिहिलेल्या तीन गोष्टींकडे बघू. एक, भाज्या कुकरला शिजवून गार करता, कारण गरम मिक्सरला लावता येत नाहीत. दोन, वाटून झाल्यावर ‘जरा गरम करून’ भरता. तीन, आई दोनच वाट्या घेते म्हणून सूप डब्यात निम्म्यापर्यंतच असतं. माझ्या मते तुमचं कोमट सूप या तीन गोष्टींतून आलेलं आहे. डब्याचा नंबर त्यानंतर लागतो.

डबा गरम करत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात. व्हॅक्यूमचा डबा म्हणजे स्टीलची दोन भांडी एकात एक बसवून मधली हवा काढून टाकलेली. मध्ये हवाच नाही म्हटल्यावर आतल्या भिंतीची उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत जायला वाट फारशी उरत नाही. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये हे भांडं बनवलं ते द्रवरूप केलेले अतिथंड वायू टिकवायला. आपण त्यात चहा आणि सूप भरतो, तत्त्व तेच. पण दोन्ही भांडी तोंडापाशी एकमेकांना जोडलेली असतात आणि वर झाकण असतं. तिथे व्हॅक्यूम नसतो. उष्णता जाते ती मुख्यतः या गळ्यातून आणि झाकणातून, आणि ती किती जाणार हे आतलं-बाहेरचं तापमान किती वेगळं आहे त्यावर ठरतं. आत ९५ अंश असताना पहिल्या तासात जितकं उतरतं तितकं पाचव्या तासात उतरत नाही. आपल्याकडे बाहेर तीस-बत्तीस अंश असतात हा तेवढाच फायदा.

आता तुमचं सूप. ‘जरा गरम’ म्हणजे कडेला बुडबुडे दिसायला लागले की आपण गॅस बंद करतो. तेव्हा थर्मामीटर घातलात तर मधे ७५ ते ८० दिसेल. ते डावाने ओतताना वाफ जाते, तीन-चार अंश तिथेच गेले. मग डब्याची आतली भिंत. ती सकाळी खोलीच्याच तापमानाची असते, आणि सूप पडल्याबरोबर ती आधी स्वतः तापून घेते. सूप चारशे मिली असेल तर दोन-तीन अंशांत भागतं. तुमचं अडीचशे मिली, म्हणजे आणखी तीन-चार अंश. झाकण लावलंत तेव्हा आत सत्तरच उरले. तिथून पुढे सहा तास.

निम्मा भरलेला डबा पूर्ण भरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने निवतो, कारण गळ्यातून आणि झाकणातून जाणारी उष्णता साधारण तेवढीच राहते, पण ती पुरवायला सूप निम्मंच असतं. शिवाय वरच्या रिकाम्या जागेत वाफ भरते, थंड झाकणाला लागून पाणी होते आणि खाली गळते. उष्णता झाकणापर्यंत पोचवायचं काम ती इमानेइतबारे करत राहते. सत्तरपासून या वेगाने सहा तास धरले तर साडेबाराला ४५ च्या आसपास यायला हवं. जिभेला ते कोमटच लागणार. म्हणजे तुमच्या डब्याने कदाचित जे करायला हवं होतं तेच केलंय.

हाच डबा काठोकाठ भरला, सूप खळखळून उकळलेलं असलं, डबा आधी तापवून घेतलेला असला, तर झाकण लावताना आत ९० असतात आणि सहा तासांनी ६५ च्या वरच निघतात. माझ्याकडचे डबे असेच वागतात. एखादा चार अंश जास्त देतो, एखादा कमी.

खोक्यावरच्या ‘१२ तासां’बद्दल. ते सरसकट खोटं नसतं. उकळतं पाणी, तोंडापर्यंत भरलेलं, मधे एकदाही न उघडलेलं, अशा हिशेबाने बारा तासांनी पन्नासच्या आसपास राहू शकतं, आणि पन्नास अंशांच्या पाण्यात बोट घातलं तर माणूस ‘गरम आहे’ असंच म्हणेल. आकडा बघायचाच तर किती तासांनी किती अंश असं छापलेलं आहे का ते बघा. ज्यावर नुसते तास आहेत आणि अंश नाहीत, त्या दाव्याला मी विचारात घेत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये घरगुती इन्सुलेटेड फ्लास्क, बाटल्या आणि डब्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तेव्हा नवीन घेताना आयएसआयचा शिक्का जरूर बघा.

पेशंटसाठी ४५ हा आकडा मला चवीपेक्षा दुसऱ्याच कारणासाठी खटकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. उकळल्यावर सगळं मरतं असा आपला समज असतो, पण काही जंतूंचे बीजाणू उकळूनही जगतात आणि अन्न कोमट झालं की जागे होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा मटण-चिकनच्या सुपात सापडणारा जंतू तर ४३ ते ४५ अंशांच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढतो. भाताच्या पेजेत बॅसिलस सेरियसची भीती, आणि त्याने एकदा विष सोडलं की पेज पुन्हा उकळूनही ते जात नाही. धडधाकट माणूस यातून बहुधा निभावतो. केमो चालू असलेला, ऑपरेशन झालेला किंवा म्हातारा पेशंट असेल तर मी हा धोका पत्करत नाही. डब्यात भरवायच्या वेळी ६० च्या खाली असलेलं सूप माझ्या हिशेबी पोचलेलंच नसतं, मग ते जिभेला बरं लागो.

यावर घरचे म्हणतात, ‘अगं, पण तिला गरम सोसत नाही, तोंड आलंय.’ बरोबर आहे. पण कोमट करायचं ते वाटीत. डब्यातून वाटीत ओतलं की पाच-दहा मिनिटांत ते पिण्याजोगं होतं. तसंही ६५ अंशांच्या वरचं कढत पेय वारंवार पिणं अन्ननलिकेला बरं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंच आहे. तेव्हा डब्यात गरम आणि वाटीत निवलेलं, हा क्रम पाळा.

आता तुम्ही नेमकं काय बदलायचं. सगळ्यात मोठा फरक पैशाचा नाही, घड्याळाचा आहे. तुम्ही साडेसहाला भरता आणि सव्वानऊला निघता. म्हणजे पावणेतीन तास डबा ओट्यावर बसून निवतोय. मुलांचे डबे आवरताना सूपही उरकून टाकायचं, हे मला पूर्ण समजतं. पण मग साडेसहाला फक्त भाज्या शिजवा. गार झाल्या की वाटा आणि फ्रिजमध्ये ठेवा. नऊला पातेल्यात काढून खळखळून उकळा, कडेला नव्हे, मधोमध उकळी फुटली पाहिजे, आणि ती दोन-तीन मिनिटं टिकू द्या. ढवळत राहा, घट्ट सूप तळाला लागतं आणि वरून उकळल्याचा भास होतो. मग भरून निघा. नऊ ते साडेबारा हे साडेतीनच तास होतात. ९० ला भरलेला पूर्ण डबा साडेतीन तासांनी ७५ च्या आसपास असतो. एवढ्या एका बदलाने तुमचा अर्धा प्रश्न सुटतो, नवा डबा न घेता.

रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी उकळलं तरी चालतं, फक्त रात्री पातेलं ओट्यावर तासन् तास ठेवू नका. उथळ भांड्यात पसरून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे. बरेच जण ‘गरम फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो’ म्हणून रात्री अकरापर्यंत सूप बाहेर ठेवतात. वाफ गेल्यावर ठेवलं तर फ्रिजला काही होत नाही.

डबा तापवणं. सूप उकळायला ठेवलं की शेजारी दुसरं पाणी उकळा, डब्यात काठोकाठ ओता, झाकण लावा, पाच मिनिटं ठेवा. झाकण लावायचंच, कारण त्यालाही तापायचं असतं. सूप तयार झालं की पाणी ओतून लगेच सूप भरा. पाणी टाकून डबा पुसत बसू नका, आत चार थेंब राहिले तर सूप पातळ होत नाही. डबा गॅसवर धरून, मायक्रोवेव्हमध्ये ठेवून किंवा कुकरमध्ये घालून तापवायचा नाही. असे डबे मी पाहिलेत. त्यांचा व्हॅक्यूम गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. भरतानाही डावाडावाने न भरता पातेल्यातून थेट ओता, हवं तर मोठं नरसाळं घ्या. डावाचा प्रत्येक फेरा वाफ घालवतो, आणि वाफेचं प्रकरण महाग असतं: चारशे ग्रॅम सुपातून नुसतं पाच ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं तरी सूप सहा-सात अंशांनी उतरतं. हाच हिशेब डबा मधेच उघडून बघण्यालाही लागू आहे. अकराला वॉर्डात पोचल्यावर ‘बघू गरम आहे का’ म्हणून झाकण फिरवायचं नाही. भरवायच्या वेळी एकदाच उघडा.

मोठा डबा घेऊ नका. अडीचशे मिली नेणार असाल तर तीनशेचा डबा काठोकाठ भरलेला हा अर्धा भरलेल्या पाचशेच्या डब्यापेक्षा नेहमी सरस. पाचशेचा आहेच तर तो भरा, आतल्या खुणेपर्यंत. आईच्या दोन वाट्या झाल्या की उरलेलं तुम्ही घ्या. दिवसभर हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या माणसाचं जेवण नेहमीच हुकतं, आणि तुम्ही ते कुठे लिहिलेलं नाही म्हणून विचारते: तुम्ही दुपारी काय खाता?

मोठा डबा मात्र पूर्ण भरणार असाल तर तो छोट्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो. पाच माणसांचं नेणाऱ्यांना म्हणून अनुभव चांगला येतो आणि ते तुम्हाला ‘लिटरचा घे’ असा सल्ला देतात. त्यांचं त्यांच्यापुरतं खरंच असतं.

आता डबा तपासायची रीत. सकाळी पाणी उकळून डब्यात खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळ्यापाशी आणि झाकणाला कोमट लागणार, ते ठीक. पण पोटाला किंवा बुडाला कुठे गरम लागलं तर व्हॅक्यूम गेलाय, तो डबा दुरुस्त होत नाही. बुडाशी बारीक पोचा असेल तर तिथे आधी बघा, पडलेल्या डब्यांचं मरण बहुतेक तिथेच असतं. हात लावून समाधान झालं नाही तर सहा तास तसाच ठेवा आणि उघडल्याबरोबर थर्मामीटर घाला. ६५ ते ७० निघाले तर डबा उत्तम. ५५ च्या खाली निघाले तर आधी झाकणाची रबरी रिंग नीट बसली होती का बघा, पुन्हा करा, आणि तरी तेच आलं तर डबा बदलून मागा.

टोकदार दांड्याचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि महागड्या डब्यापेक्षा तो आधी घ्यावा, असं माझं मत आहे. आपल्या बोटाला ५५ आणि ७० यांतला फरक कळत नाही, दोन्ही ‘चटका’च. नवा आणल्यावर खात्री करून घ्या: मुंबई समुद्रसपाटीला असल्याने उकळत्या पाण्यात १०० दाखवला पाहिजे, आणि भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य.

फोमचा डबा, म्हणजे ज्याला आपण कॅसरोल किंवा हॉटपॉट म्हणतो, त्याला हे सगळे आकडे लागू नाहीत. तो पोळ्यांना आणि भाताला तास-दोन तास छान, सुपाला सहा तास नाही. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून किंवा थर्मल पिशवीत घालून फायदा होतो. व्हॅक्यूमच्या डब्याला गुंडाळल्याने फार काही मिळत नाही, बाहेरची भिंत मुळात गारच असते. त्याची पिशवी हवी ती लोकलमधल्या धक्क्यांसाठी. आणि डबा उभा न्या. आडवा पडला की गरम सूप थेट झाकणाला लागून राहतं, निवतंही लवकर आणि गळलं तर बाजूच्या बाईच्या साडीवर. रॅकवर आडवा टाकण्यापेक्षा मांडीवर धरलेला बरा.

काय भरायचं याचाही फरक पडतो. घट्ट पदार्थ जास्त टिकतो, कारण पातळ रसात गरम-गार सतत वरखाली होत राहतं आणि घट्टात ते मंदावतं. भोपळा, गाजर, टोमॅटो, मुगाचं कढण हे सगळे भरवशाचे. कढण डब्यात आणखी आळतं म्हणून थोडं सैलच भरा. पालकाचं सूप तीन-चार तास गरम राहिलं की हिरवं राहत नाही, मेंदीसारखं काळपट होतं. बिघडलेलं नसतं, पण आजारी माणूस ते बघूनच तोंड फिरवतो. शेवया किंवा तांदूळ घातलात तर ते सगळा रस पिऊन टाकतात. दूध-क्रीम डब्यात घालू नका, आणि लिंबू वाटीत पिळा.

हॉस्पिटलवर अवलंबून असलेल्याही गोष्टी आहेत. बाहेरचं अन्न चालतं का, हे आधी सिस्टरना विचारा, काही वॉर्डांत चालत नाही. मीठ किती, भाज्या कुठल्या हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. किडनीचा त्रास असेल तर टोमॅटो-पालकाचं सूप पोटॅशियममुळे चालतंच असं नाही. वॉर्डाच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह वापरू देत असतील तर एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण गरम करायला नेणार असाल तर सूप फ्रिजचं गार, बर्फाच्या पॅकसकट न्यायला हवं, आणि तिथे सगळीकडून ७० च्या वर जाईपर्यंत गरम करायला हवं. कोमट नेऊन तिथे ‘जरा गरम’ करणं सगळ्यात वाईट. उशीर झाला, राउंड लांबला आणि अडीचला उघडावं लागलं तर थर्मामीटर घाला. साठच्या वर असेल तर द्या. खाली असेल आणि किती वेळ खाली होतं ते सांगता येत नसेल तर पेशंटला देऊ नका, हळहळ वाटली तरी.

एक शेवटचं, कारण नवीन डब्यांना वास लागतो तो यामुळे. रिकामा झालेला डबा तसाच झाकण लावून संध्याकाळी डोंबिवलीपर्यंत नेऊ नका. तिथल्याच नळाखाली खंगाळा, झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी धुवा आणि झाकण सैल ठेवून पिशवीत टाका. खारट सूप रात्रभर राहिलं तर स्टीललाही बारीक डाग पडतात. घरी साबणाने आणि मऊ स्पंजाने धुवा, तारेची घासणी नको, ब्लीच नको. वास बसलाच तर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर उघडा ठेवा, आणि रिंग नीट वाळल्याशिवाय परत बसवू नका.